मगरीच्या गोष्टीतली रिकामी जागा

"रेणू, काय हवं तुला?" मुजावर मॅडमनी विचारलं.

त्यांच्या हातात साबणाच्या पाण्याची बाटली होती. मघाशी त्यांनी फुंकर घालून पाच-पंचवीस फुगे उडवले होते आणि ते धरायला माझी नात खोलीभर पळाली होती. आता बाटलीचं झाकण घट्ट लावून ती त्यांनी आपल्या हनुवटीजवळ धरली होती. रेणू बाटलीकडं बघत होती. मॅडम रेणूकडं. माझी सून सारिका पदराचं टोक पिळत दोघींकडं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टकटक करत होता, आणि प्रत्येक टकटकीला माझा गुडघा हलत होता.

"फुगे पाहिजेत तिला," मी म्हणालो.

मॅडमनी मान वळवली नाही. "रेणू, काय हवं?"

"फुगे वो मॅडम, मोठे मोठे. घरात पण तिला..."

"आजोबा, प्रश्न मी कुणाला विचारला?"

"रेणूला."

"तुमचं नाव काय?"

"आनंदा बाळू कुंभार. दंतमंजनवाला तात्या म्हणून विचारा, आष्ट्यापासून जतपर्यंत कुठल्याबी बाजारात..."

"म्हणजे रेणू नाही." मॅडम हसल्या आणि मांडीवरचा कागद त्यांनी माझ्यापुढं धरला. त्यावर उभ्या रेघा होत्या. "दहा मिनिटांत मी तिला नऊ प्रश्न विचारले. नऊच्या नऊ उत्तरं तुम्ही दिलीत."

"बरोबर आली का सगळी?"

"पैकीच्या पैकी. पण शाळेत तिला घालायचंय ना?"

सारिकानं तोंड फिरवलं. हसली की रडली, मला कळलं नाही.

रेणू तेव्हा साडेतीन वर्षांची होती. कान तपासून झाले होते, आणि तिथूनच आम्हाला ह्या वाचा-उपचार केंद्रात मॅडमकडं पाठवलं होतं. डब्याचं झाकण वाजलं तर पार माळ्यावरून खाली यायची, इतके तिखट. सांगितलेलं सगळं समजायचं. हसायची, रडायची, हात धरून ओढायची. शब्द मात्र एक नाही. आणि घर कुणाचं? तर माझं! माझ्या मंजनानं आटपाडीच्या एका म्हातारीला बत्तीस दात गेल्यावर तेहतिसावा आला होता. येळावीच्या बाजारात मी बोलायला लागलो की शेजारच्या पालावरची बैलं मान वळवून ऐकायची. बाजाराचा एकच नियम: दोन सेकंद गप्प बसलास की गिऱ्हाईक पुढच्या पालावर. चाळीस वर्षं मी दोन सेकंद कधी रिकामे सोडले नाहीत. पुढं गुडघे गेले, बाजार सुटला, आणि ती सगळी बडबड घरात येऊन साठली. सारिका कपड्याच्या कारखान्यात शिलाईला जायची, सकाळी नऊ ते सहा. मुलगा भरत दुधाच्या टँकरवर. घरी असला तर झोपलेला. म्हणजे दिवसभर रेणू आणि मी, आणि स्वयंपाकघरात माझी बायको शालन.

"बोलणं म्हणजे नुसते शब्द नसतात, आजोबा," मॅडम सांगत होत्या. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या असतील, आवाज हळू, पण त्या हळू आवाजात खिळा होता. "नजर, बोट, आवाज, हात ओढणं, हे सगळं तिचं बोलणंच आहे. ती एक चेंडू टाकते, आपण परत टाकायचा. तुमच्या घरी काय होतंय? तिनं हात उचलायच्या आत चेंडू तुम्हीच टाकताय आणि तुम्हीच झेलताय."

"मग मी करायचं काय?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"एकदा विचारायचं. मग मनात दहापर्यंत मोजायचं. तिच्याकडं बघत, हसऱ्या तोंडानं. गप्प."

"दहापर्यंत!" मी म्हणालो. "मॅडम, दहा म्हणजे लई झालं. तीनवर जमवा."

"दहा," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी एक दोनशेपानी वही दिली. रोजची तारीख. रेणूला काय हवं होतं, आणि ते तिनं कसं सांगितलं: ओढून, बोट दाखवून, आवाज काढून, की शब्दानं. "दिसेल तेवढंच लिहायचं. घरी ती काय करते हे मला ह्या वहीतूनच कळणार. त्यावरून मी पुढची पायरी ठरवणार."

आता तुम्ही विचार करा. थापा मारण्यावर ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या हातात कोरी वही दिली!

पहिल्या दिवशी बिस्किटं पारदर्शक बरणीत घातली, झाकण माझ्यानंसुद्धा उघडेना इतकं आवळलं. रेणू आली, बरणी बघितली, माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, "काय पाहिजे?" आणि हात पाठीमागं बांधून बोटांवर मोजायला लागलो. एक. दोन. तीनवर जीभ टाळ्याला चिकटली. चारवर मान खाजली. पाचवर वाटलं, चूल पेटली असंल, बघून यावं. सहावर कपाळाला घाम. सातवर...

"बिस्कीट पाहिजे व्हय माझ्या वाघाला!" मी ओरडलो आणि झाकण दातानं काढलं.

"अवो, दहा म्हणाल्या होत्या ना?" शालन आतनं म्हणाली.

"दहाच झाले."

"खोटं! मी बी मोजत हुते. सात."

शालनचं हे 'खोटं' आमच्या घरात पूजेच्या घंटीसारखं होतं. विशेषतः मगरीच्या गोष्टीत. ती गोष्ट रेणूला रोज दुपारी लागायची, आणि ती सांगताना मी अंगणातला खराटा हातात घ्यायचो. औदुंबरच्या डोहात एक मगर. तिची दाढ ठणकायची. ती इतकी रडली की कृष्णेला पूर आला. लोक म्हणाले, यंदा पाऊस जास्त झाला. मी नावेतून गेलो. म्हटलं, "बाई, आ कर." इथं रेणू मोठा आ करायची. मी खराट्याला मंजन लावून तिचे चौसष्ट दात घासले. मग मगरीनं तोंड मिटलं, जरा इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "तात्या, मंजन लई गोड हाय वो." की आतनं शालन ओरडायची, "खोटं!" मी ओरडायचो, "खरं!" आणि मग मगर बाजाराला निघायची. रोज हेच. एक शब्द इकडचा तिकडं झालेला रेणूला चालायचा नाही.

वहीची पहिली दोन पानं मी इमानदारीत लिहिली. 'बिस्कीट पाहिजे होते. हात ओढला.' 'पाणी पाहिजे होते. माठाकडे बोट केले.' सारिका सहाला आली, चप्पल काढायच्या आधी वही उघडली, वाचली, आणि काही न बोलता मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिची ती पाठमोरी मान मला बघवेना.

तिसऱ्या दिवशी पेन माझ्या हातातनं सुटलं म्हणा. मी लिहिलं: 'बिस्कीट देताना रेणू "दे" म्हणाली.'

सारिका दारातच खाली बसली. "मामंजी, खरंच म्हणाली?"

"स्पष्ट," मी म्हणालो.

तिनं वही छातीशी धरली. शिलाईनं सुजलेली बोटं त्या ओळीवरून फिरवली. असं गिऱ्हाईक मला चाळीस वर्षांत मिळालं नव्हतं. मग काय? 'काऊ.' मग 'पाणी.' मग 'काऊ आला.' रोज संध्याकाळी तिचा चेहरा उजळायचा, आणि तो तसाच ठेवायला दुसऱ्या दिवशी आणखी थोडं तेल घालावं लागायचं. तेरा तारखेला मी लिहिलं, 'दाराकडे बघून "आई" म्हणाली.' ते तिनं भरतला फोनवर वाचून दाखवलं. दोनदा.

मला तेव्हापासून स्वस्थता अशी नव्हतीच. बसलो तर उठावंसं वाटायचं, उठलो तर बाहेर जावंसं. शालननं दोनदा माझ्याकडं नीट बघितलं.

"काय वो, तुमच्या कानातच म्हणाली का काय? मी दिवसभर घरात असते, मला एक शब्द ऐकू आला न्हाई."

"तू भांडी वाजवत असतीस."

"खोटं," ती म्हणाली. पण ह्या वेळी ओरडून नाही.

मॅडमनी वही वाचून पायरी वाढवली. केंद्रात बोलत नसली तरी घरी बोलते म्हटल्यावर त्यांनी बोट दाखवायची चित्रांची पानं बाजूला ठेवली आणि शब्दांसाठी थांबायला सुरुवात केली. रेणू त्यांच्याकडं बघायची, मग माझ्याकडं, मग जमिनीकडं.

आणि मग तो रविवार.

मी बाहेर ओट्यावर होतो. आतून सारिकाचा आवाज आला, मऊ, पण ताणलेल्या दोऱ्यासारखा. "पाणी म्हण. रेणू, पा-णी."

मी उंबऱ्यापाशी गेलो. सारिका माठाजवळ बसली होती, हातात भरलेला पेला. रेणूनं माठाकडं बोट केलं.

"बोट नको. म्हण. वहीत लिहिलंय चार वेळा म्हणालीस. तात्यांना म्हणतेस ना?"

रेणूनं पुन्हा बोट केलं. मग दुसऱ्या हाताचंही. ओठ सुकले होते तिचे, सकाळपासून उन्हात खेळली होती.

"मला का नाही म्हणत गं? मी कोण हाय तुझी?"

माझं तोंड उघडं होतं. ह्याच क्षणी बोलायला पाहिजे होतं, एकच वाक्य, आणि आयुष्यभर न थांबलेली जीभ नेमकी तिथं दगड होऊन बसली.

रेणूचा हात हळूहळू खाली आला. ती रडली नाही. वळली, भिंतीकडं तोंड करून बसली, आणि दोन्ही हात तिनं मांडीखाली घातले.

शालन मागनं आली. पेला तिनं सारिकाच्या हातातनं हिसकावला. "बास झालं! पाण्याला कुणी अडवतं व्हय लेकराला!" रेणूला तिनं पाजलं, पण पोरीनं पेल्याकडं बघितलंसुद्धा नाही. सारिका माठाला डोकं टेकून रडत होती. "माझ्याशीच बोलत नाही, आत्ती. सगळ्यांशी बोलते. कावळ्याशी बोलते."

दुसऱ्या दिवसापासून रेणूनं बोट दाखवणं सोडलं. बिस्किटाची बरणी समोर ठेवली तरी बघेना. हात ओढणं नाही, टाळ्या नाहीत. खराट्याकडं नजर नाही. दुपारी मी मगर सुरू केली. 'आ कर' म्हटलं, तर तिनं ओठ आवळून घेतले. सहा दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. शालन म्हणाली, "फरशीला खड्डं पडतील."

शनिवारी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पाण्याचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "ताई, पाणी आणि जेवण यावर कधी अडवायचं नाही. तिनं बोट केलं म्हणजे ती बोलली होती. आपण तिला सांगितलं, तुझं बोलणं बोलणं नाही. मग ती कशाला बोलेल?" सारिकाची मान खाली गेली. "पण तुमच्या एकटीची चूक नाही. मीही वहीवरच विसंबले." मग मॅडमनी वही उघडली आणि पानं उलटत गेल्या. "'पाणी गार हाय.' मागच्या मंगळवारी." त्यांनी वर बघितलं. "आजोबा, हे तुम्ही ऐकलंत?"

आणि त्या थांबल्या.

हसऱ्या तोंडानं, माझ्याकडं बघत, गप्प. मी ओळखलं, ही बाई मोजतेय. एक. दोन. भिंतीवरचा काटा. तीन. माझा गुडघा. चारला एक चांगली थाप सुचली. पाचला त्याहून चांगली. सहाला रेणूकडं नजर गेली. ती कोपऱ्यात हात मांडीखाली घालून बसली होती. सात. आठ.

"खोटं हाय," मी म्हणालो.

"कुठलं?"

"तिसऱ्या दिवसापास्नं पुढचं सगळं."

सारिका माझ्याकडं वळली. "काऊ पण?"

"काऊ पण."

"आणि..." तिनं वही ओढून घेतली, ते पान काढलं, आणि तेरा तारखेवर बोट ठेवून ते माझ्यापुढं धरलं.

मी 'ते पण' अशी मान हलवली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं वही मिटली, टेबलावर ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बसमध्येही रेणूला घेऊन पुढच्या बाकावर बसली.

केंद्रातनं निघताना मॅडमनी वही माझ्याच हातात परत दिली होती. मी म्हणालो, "दुसऱ्या कुणाला द्या, मॅडम."

"दिवसभर तिच्याबरोबर कोण असतं?"

"मी."

"मग तुम्हीच लिहायचं. गोष्टी तुम्ही झकास लिहिता. आता दिसलेलं लिहून बघा; ते जास्त अवघड असतं."

त्यानंतर सारिका माझ्याशी बोलेनाशी झाली. 'जेवायला बसा' हे ती शालनला सांगायची आणि शालन मला, मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो असताना. वही मी रोज लिहायचो, ती उघडायची नाही.

लिहायला काही नसायचंच म्हणा. 'आज काही नाही.' 'आज काही नाही.' पण काही नाही हे लिहायलासुद्धा दिवसभर बघावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. मी दहापर्यंत मोजायला शिकलो. हातावर बसायचो, म्हणजे अक्षरशः दोन्ही पंजे बुडाखाली, नाहीतर ते बोलायला लागायचे. शालन म्हणायची, "अंडी उबवताय काय?" आणि एक दिवस आठवर, रेणूची नजर बरणीकडून माझ्याकडं आली आणि परत बरणीकडं गेली. इतकंच. मी बरणी उघडली. वहीत लिहिलं: 'नजर.' चार दिवसांनी हात मांडीखालून निघाला. बारा दिवसांनी बोट परत आलं. ते बोट बघून मला जे वाटलं ते मगरीच्या गोष्टीत मावलं नसतं.

मग तो गुरुवार. शालन बहिणीकडं ढवळीला गेली होती, घरात आम्ही दोघंच. दुपारी मी ओट्यावर पाय सोडून बसलो होतो, आणि मागनं काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. रेणू अंगणातला खराटा ओढत आणत होती. तिच्यापेक्षा खराटाच उंच. तो तिनं माझ्या मांडीवर टाकला आणि मोठा आ केला.

गोष्ट मागत होती. कुणी विचारलं नव्हतं, बरणी नव्हती. तिनं चेंडू टाकला होता.

मी सुरू केलं. डोह, दाढ, पूर. आ कर. चौसष्ट दात घासले. मगरीनं तोंड मिटलं, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "तात्या, मंजन लई गोड हाय वो."

आणि आतनं काही आलं नाही. शालन ढवळीला.

गोष्टीत भोक पडलं. मी ते बुजवणार होतो, शालनच्या आवाजात 'खोटं' म्हणणार होतो, जमतं मला. पण रेणू स्वयंपाकघराकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. भुवया वर. मी पंजे बुडाखाली घातले. एक. दोन. तीन. लिंबावर होला घुमत होता. पाच. तिचे ओठ हलले, मिटले. सात, आमचा सात! आठ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. नऊ. दहा. अकरा.

"खोतं!" रेणू म्हणाली.

असं की माळ्यावरची पाल पळाली असेल.

"खरं!" मी ओरडलो, आणि मगर बाजाराला निघाली. त्या दिवशी ती आष्टा, वाळवा, पलूस करून पार पुण्यापर्यंत गेली. रेणूनं मला तीनदा परत गोष्टीच्या तोंडाशी नेलं आणि तीनदा म्हणाली.

मग मी वही आणायला पळालो. गुडघे विसरून. तारीख टाकली. 'रेणू म्हणाली,' लिहिलं, आणि पेन थांबलं.

कोण विश्वास ठेवणार? मी, आनंदा कुंभार, लिहिणार की पोरगी पहिला शब्द बोलली. कुठला? तर 'खोटं'. साक्षीदार कोण? खराटा. पण ते एक असो. मी धरून चाललो की ठेवला विश्वास. मग? सारिका सहाला येणार, वाचणार, आणि पुन्हा तेच: तात्यांना म्हणाली. मला नाही.

ते दोन शब्द मी खोडले. खालचं काही दिसू नये असे गिरवून खोडले. खाली लिहिलं: 'खराटा आणून दिला. गोष्ट मागितली.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

ते तीन दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. पानवाला भेटला, सांगावंसं वाटलं. पोस्टमन भेटला, सांगावंसं वाटलं. म्हशीलासुद्धा सांगावंसं वाटलं. शुक्रवारी शालन आल्यावर तिला मी कोपऱ्यात घेतलं. "हे बघ, आजपास्नं मगरीच्या गोष्टीत तू 'खोटं' म्हणायचं न्हाईस."

"का वो?"

"मॅडमनी सांगितलंय."

शालननं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. तोंड उघडलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मिटलं आणि भाकरी थापायला वळली.

रविवारी सकाळी मी गळ्याला मफलर गुंडाळला. एप्रिलचा महिना. घशातनं नुसता वारा काढत शालनला खुणेनं सांगितलं, आवाज बसला.

"देवाला काळजी," शालन म्हणाली.

दुपारी रेणू खराटा घेऊन आली. मी घशाकडं बोट केलं, मान हलवली, आणि सारिकाकडं बोट केलं. सारिका दाराशी बसून ब्लाउजला हुक लावत होती. रेणूनं विचार केला. मग खराटा ओढत तिच्यापर्यंत नेला, मांडीवर टाकला, आणि आ केला.

"मला नाही येत असल्या थापा," सारिका म्हणाली. मला नाही, भिंतीला. पण लेक आ करून उभी. तिनं सुई बाजूला ठेवली. "एक... एक मगर होती. तिची दाढ दुखत होती." काय ती गोष्ट सांगण्याची पद्धत! पूर विसरली. नाव विसरली. चौसष्टचे चाळीस दात केले. रेणूनं तिच्या गालाला धरून तोंड आपल्याकडं वळवलं, तशी ती जरा सावरली. "मग मगरीनं तोंड मिटलं. आणि म्हणाली, 'तात्या, मंजन लई गोड हाय.'" आणि सारिका अडखळली. "मग पुढं काय असतं वो, आत्ती?"

शालन चुलीपाशी गप्प. मी गप्प. सारिकानं माझ्याकडं बघितलं, महिनाभरात पहिल्यांदा. मी छातीशी दोन्ही हात धरले आणि एकेक बोट उचलायला लागलो, तिला दिसेल असं. एक. दोन. तीन. तिला कळलं. ती लेकीकडं वळली आणि थांबली. पाचला तिचा श्वास आत अडकलेला मला इथून दिसत होता. सहा. सातला तिचे ओठ उघडले, ती म्हणणार, काहीतरी म्हणणार. मी मान हलवली, जोरात. नको गं पोरी, थांब. आठ.

रेणूनं आईच्या नाकासमोर बोट नाचवलं.

"खोतं!"

हुकांची डबी सारिकाच्या मांडीवरनं उडाली. "म्हणाली! आत्ती, म्हणाली! मला म्हणाली!" तिनं पोरीला असं कवटाळलं की रेणू गुदमरून हसायला लागली. "मामंजी, ऐकलंत ना? मला म्हणाली ना?"

"ऐकलं की!" मी खणखणीत ओरडलो. "शेजारच्या आळीत ऐकू गेलं!"

"घसा सुटला वाटतं," आतनं शालन म्हणाली.

सारिकानं वही मागितली. स्वतःच्या अक्षरात तारीख घातली, वेळ घातली, आणि लिहिलं: 'रेणू पहिला शब्द बोलली. माझ्याशी.' मॅडमनी शनिवारी ते पान वाचलं, मागचं गुरुवारचं पानही वाचलं, त्या गिरवलेल्या खाडाखोडीवर त्यांची नजर जरा रेंगाळली. मग त्या माझ्याकडं बघून काही न बोलता चांगले दहा सेकंद थांबल्या. पण आता मला दहा म्हणजे काहीच नव्हतं. मी पंधरापर्यंत गेलो असतो.

'आई' वीस दिवसांनी आली. ती खरोखर दाराकडं बघूनच आली, आणि घरात सगळे हजर होते.

आज रेणू पंधरा वर्षांची आहे आणि तिला गप्प बसवायला आम्हाला नवीन मॅडम शोधाव्या लागतील. सारिका लग्नाकार्यात ती मगरीची गोष्ट सांगते. मला कबूल करायला हवं, आता बरी सांगते. शालनला जाऊन चार वर्षं झाली. तिला काय काय ठाऊक होतं ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ते गुरुवारचं तुम्हाला सांगायला हरकत नाही. माझ्यावर विश्वास कोण ठेवतो?

गेल्या आठवड्यात रेणूनं माळा आवरला. ती वही घेऊन खाली आली, माझ्यापुढं बसली आणि एक पान उजेडाला धरलं.

"तात्या, हे काय खोडलंय? गुरुवार. 'खराटा आणून दिला'च्या वर."

"काही न्हाई. पेन चालतंय का बघत हुतो."

तिनं ते पान तिरकं केलं. आणखी तिरकं केलं. मग वही मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. भुवया वर. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

"खोटं," रेणू म्हणाली.

ह्या जागी मी 'खरं!' म्हणून ओरडायचं असतं. मी पंजे बुडाखाली घातले आणि मोजायला लागलो.